कालवडीचा प्रश्न घेऊन म्हशाच्या जत्रेत

म्हशाच्या जत्रेला लोक बैल घ्यायला जातात, घोंगडी घ्यायला जातात, नांगराचे सामान आणि जिलेबी घ्यायला जातात. मी मते गोळा करायला गेले होते. ती कशी गोळा करायची हे मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती, आणि शहापूरपर्यंत ती टिकली.

ज्या विज्ञान संग्रहालयात मी काम करते, त्याने एका जुन्या बसचे फिरते दालन केले आहे. या हिवाळ्यात ती बस ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात न्यायची ठरली, आणि तिच्यातला कार्यक्रम माझा होता. जीवतंत्रज्ञानातल्या ज्या नव्या गोष्टींवरून तज्ज्ञांत भांडणे आहेत, त्या लोकांपुढे मांडायच्या, दोन्ही बाजू सारख्याच नेटाने सांगायच्या आणि मग प्रेक्षकांनाच वाद घालू द्यायचा. बसमध्ये तीन प्रश्न होते. रोग पसरवू न शकणारे, जनुके बदललेले डास मोकळे सोडावेत का? जनुकांत फेरफार केलेला भात पेरावा का? आणि गाईला कालवड व्हावी की गोऱ्हा, हे माणसाने आधीच ठरवावे का? वाद चालवणाऱ्याने स्वतःचे मत सांगायचे नाही, हा कार्यक्रमाचा पहिला नियम. तो मीच लिहिलेला होता. दौरा नीट झाला तर हा कार्यक्रम राज्यभर नेण्याचा प्रस्ताव मी मांडणार होते, त्यामुळे नियमांबाबत मी काटेकोर होते.

शहापूर

शहापूरच्या एस.टी. स्थानकाजवळ रंजना बसमध्ये चढली. ती मुरबाड तालुक्यातली पशुसखी. म्हणजे गावोगावी फिरून गुरांना जंताचे औषध देणारी, लसीकरणाची आठवण करून देणारी आणि गुरांच्या डॉक्टरला वेळेवर बोलावणारी कार्यकर्ती. तीन दिवस ती आमच्या सोबत राहणार होती. वयाने ती माझ्याएवढीच असावी. तिने पिशवी आसनावर टाकली, तिसऱ्या प्रश्नाच्या फलकापुढे उभे राहून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "हा प्रश्न म्हशाला घ्याच. माझ्या सासऱ्यांना त्यात उभं करायचंय."

"का?"

"कबरी दोन-तीन दिवसांत माजावर येईल. मला तिला कालवडीची कांडी घालायचीय. बाबा बोलतात, गोऱ्हा पायजे, गावच्या वळूकडं न्या. गाय एक नि धनी दोन."

कबरी ही तिची डांगी गाय. घरात तेवढीच एक. कालवडीची कांडी म्हणजे लिंग निवडून तयार केलेली रेतमात्रा. वासरू मादी होणार की नर, हे वळूच्या शुक्राणूवर ठरते. ज्याच्यापासून मादी होते त्या शुक्राणूत आनुवंशिक द्रव्य किंचित जास्त असते. त्यावर रंग चढवून लेसरच्या उजेडात एकेक शुक्राणू तपासला की हे दोन गट वेगळे करता येतात. मग बारीक नळीत भरून, गोठवून ठेवलेली ती कांडी वापरली तर बहुतेक वेळा कालवड होते, क्वचित गोऱ्हा. बसमध्ये आम्ही हे दोन रंगांच्या मण्यांनी दाखवतो. रंजनाला मण्यांची गरज नव्हती. तिचे गणित वेगळे होते: डेअरीची गाडी आता त्यांच्या फाट्यापर्यंत येत होती, आणि कालवड झाली तर चार वर्षांत दारात दोन दुभत्या गाई उभ्या राहणार होत्या. सासऱ्यांचेही गणित चुकीचे नव्हते. त्यांच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता. घरच्या गाईचा गोऱ्हा झाला तर त्याची जागा घरातच भरून निघाली असती. शिवाय ती कांडी गीर जातीची. डांगी वळूची मिळत नाही. भर पावसात चिखलात उभे राहणाऱ्या गुरांत हे कशाला मिसळायचे, असे त्यांचे म्हणणे.

मी तिला सांगितले की आम्ही वादाचा निकाल लावत नाही.

"निकाल नको. चार लोक बोलतील, ते ऐकतील तरी. घरात मी बोलले की ते बैलांना पाणी दाखवायला जातात."

त्या संध्याकाळी बाजारपेठेजवळच्या मोकळ्या पटांगणात पहिला वाद रंगला. आमची पद्धत साधी आहे. जमिनीवर एक दोरी आखायची. तिच्या एका अंगाला 'हवे', दुसऱ्या अंगाला 'नको', आणि ज्यांचे ठरत नाही त्यांनी दोरीवर उभे राहायचे. एखादा मुद्दा पटला की माणूस जागा बदलतो, आणि मत कसे सरकते हे सर्वांना डोळ्यांनी दिसते. आसनगावला लोकलमधून उतरून घराकडे निघालेले नोकरदार थांबले, भाजी घ्यायला आलेल्या बायका थांबल्या. डासांचा प्रश्न मांडून मी पाऊल मागे घेते तोच खांद्याला ऑफिसची बॅग लावलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "मॅडम, तानसाचं पाणी आमच्या दारावरून मुंबईला जातं. आता डास पण आमच्याकडंच सोडणार का?"

"सोडणार नाही. सोडावेत का, एवढेच विचारते आहे."

"मग आधी मुंबईत सोडा. चांगले निघाले तर आमी पास काढून घेऊन येऊ त्यांना."

हशा पिकला, पण त्या विनोदात प्रश्न पुरा होता. लाभ कोणाला आणि धोका कोणाच्या अंगणात, हा मुद्दा आमच्या माहितीपुस्तिकेत बराच मागे आणि बराच लांबलचक आला आहे. एका नर्सबाईंनी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले की डेंग्यूचे रुग्ण शहापूरलाही येतात, ते काही मुंबईचे नसतात. गृहस्थ हसत दोरीवर येऊन उभे राहिले. लोक सरकत होते, कोणाचे कोणाला पटत होते, कोणाचे बिलकूल पटत नव्हते. मी खूश होते. रात्रीच्या जेवणात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मी सोलापूरची, भाकरी म्हटली की ज्वारीची, थापल्याचा आवाज शेजारी ऐकू जाणारी. ही भाकरी मऊ, पांढरी, आणि तिची उकड काढावी लागते. मी तिला भाकरी म्हणायला दोन घास उशीर केला, मग तीन खाल्ल्या.

डोळखांब

डोळखांबकडे रस्ता चढू लागतो आणि शहापूरचा गलबला मागे पडतो. दोन्ही बाजूंना साग, मध्ये कापणी झालेली भातखाचरे, खाचरांच्या ओलीवर वर आलेला हिरवा वाल आणि घराघरापाशी पेंढ्याच्या उडव्या. पाड्यांवर अनेक दारांना कुलपे होती. कामाच्या वयाची माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. शाळेच्या पटांगणात जमली ती म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका आणि एका पाड्याचे जाणते गृहस्थ, ज्यांना सगळे 'तात्या' म्हणत होते. रंजनाच्या आग्रहाने येथे मी कालवडीचा प्रश्न घेतला. तिला म्हशाआधी त्याची रंगीत तालीम हवी होती.

मणी दाखवून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजीने विचारले, "बाईच्या पोटात काय हाय ते बघायला सरकारची बंदी. नि गाईला आधीच ठरवून देतात. ते कसं?"

हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता. मी म्हणाले की बाईच्या बाबतीत मुलगी नको म्हणून निवड होत होती, त्यामुळे कायदा करावा लागला. आजीने मान हलवली. "मंजे हितं मुलगी पायजे म्हणून चालतं. नि पोरगा नको झाला, त्याचं काय?"

"नको झालेल्या गोऱ्ह्यांना आत्ताबी कोण सांभाळतं आजे?" मागून एक बाई म्हणाली. "सोडून देतात रानात. जन्मालाच नाय आला तर बरा की."

"असं माणसाचं पण बोलायचे आधी," आजी म्हणाली.

बाईने मान फिरवली. तिला ते पटलेले दिसत नव्हते. मी आनंदाने थरारले होते. विद्यापीठात मी या विषयावरचे परिसंवाद ऐकले आहेत. इतक्या थोड्या वाक्यांत मुळापाशी पोहोचलेला एकही मला आठवत नाही. मग मी दोरी आखली आणि बाजू घ्यायला सांगितले.

तात्या उठले, काठी टेकत 'नको'च्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे अख्खा पाडा गेला. गोऱ्ह्यांची बाजू मांडणारी आजी गेली आणि तिला विरोध करणारी बाईही मुलाला कडेवर घेऊन तिकडेच गेली. 'हवे'च्या बाजूला एक कुत्रे उरले. मी निमूटपणे नोंद केली: संपूर्ण विरोध.

बस सरळगावच्या दिशेने लागल्यावर रंजना हसू लागली. "तुमी तो विरोध लिहिला का?"

"मग काय लिहू?"

"तात्या उन्हाला गेले. थंडी वाजत होती त्यांना. तुमची 'हवे'ची बाजू शाळेच्या सावलीत होती."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तात्यांबरोबर. ताई, माणूस एकटं कुठं उभं राहतं? सासरा इकडं नि सून तिकडं असं चार लोकांत उभं राहिलं, तर घरी जाऊन कोण कोणाला वाढणार?"

तोवर ती मला मॅडम म्हणत होती. ताई पहिल्यांदाच म्हणाली. शहापूरच्या पटांगणात दोरी चालली, कारण तेथे जमलेले लोक एकमेकांचे कोणी नव्हते. येथे प्रत्येक जण कोणाचा तरी कोणी होता. मी प्रयोगाची पहिलीच अट तपासायची विसरले होते: मोजमापाच्या साधनाचा परिणाम मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवर होऊ नये.

रंजनाचे हसू मात्र थोड्या वेळाने मावळले. "म्हशाला असं करू नका," ती म्हणाली. "बाबा एकदा चार लोकांत 'नको'त उभे राहिले, तर मग मागं येणार नाय. मेले तरी नाय."

"मग तो प्रश्नच घेत नाही."

"आता कसं? मी कालच फोनवर सांगितलं त्यांना. नवीन टोपी काढून ठेवलीय त्यांनी."

म्हसा

सोलापूरला आमच्याकडेही पौषात मोठी जत्रा भरते आणि गुरांचा बाजारही भरतो, पण आमचे घर गावठाणातले, गिरणीकामगारांचे. मी त्या बाजारात कधी पाऊल ठेवले नव्हते. म्हशात मात्र बसला जागाच बैलांच्या दावणीशेजारी मिळाली. सकाळच्या धुक्यात शेकोट्यांचा धूर मिसळलेला, शिंगांना रंग आणि गोंडे, जमिनीवर पेंढा, आणि मैलभर पसरलेले एक संथ हंबरणे. घोंगड्यांच्या दुकानांपुढे लोक घोंगडी अंगावर घेऊन पाहत होते. आमचे चालक बबनराव पोहोचल्या पोहोचल्या तीन व्यापाऱ्यांबरोबर चहा पिऊन आले आणि कोणाचा बैल लंगडतो, कोणाचा मारका आहे, हे मला सांगू लागले.

मी दावणीतून हिंडत होते. एका खिलारी जोडीपुढे दोन माणसे शेजारी उभी होती, दोघांच्या हातांवर एक टॉवेल टाकलेला. तोंडाने ती हवापाण्याचे बोलत होती. टॉवेलाखाली काहीतरी हालचाल चालली होती. भोवती कोंडाळे जमले होते, पण कोणालाही घाई नव्हती. अखेर टॉवेल निघाला, एकाने मान हलवली आणि दुसरा पुढच्या जोडीकडे वळला.

"भाव करतात," रंजना म्हणाली. "बोटं दाबून. काय मागितलं, काय दिलं, ते त्या दोघांनाच कळतं. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं तर मालकाची शोभा व्हायला नको."

मी तेथेच थांबले. माझी दोरी जे करू शकत नव्हती, ते येथे दोन हात आणि एक टॉवेल करत होते.

अर्ध्या तासात आम्ही पद्धत बदलली. बोलणे सगळ्यांसमोर, मत मात्र टॉवेलाखाली. एक बोट दाबले तर नको, दोन बोटे तर हवे, मूठ मिटली तर ठरत नाही. शेवटी फक्त एकूण कल सांगायचा. कोणी काय दाबले हे हात धरणाऱ्याने कोणालाही सांगायचे नाही. अडचण एकच होती, आणि ती रंजनाने लगेच दाखवली: पुरुषांनी परक्या तरुण मुलीचा हात टॉवेलाखाली धरायचा, हे जत्रेत शोभणार नाही. म्हणून बायकांचे हात मी धरायचे आणि पुरुषांचे बबनरावांनी, असे ठरले.

तिचे सासरे काळूराम बाबा दुपारी आले. उंच, वाळलेले, डोक्यावर खरोखरच कोरी पांढरी टोपी. दावणीतून येताना प्रत्येक बैलाच्या पाठीवर त्यांचा हात पडत होता आणि प्रत्येक व्यापारी त्यांना नावाने हाक मारत होता. मण्यांचा खेळ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, सुनेकडे न पाहता घसा साफ केला आणि वाद आपल्या हाती घेतला.

"समजा, सगळ्यांनी कालवडीच घेतल्या," ते म्हणाले. "मग धा वर्षांनी ह्या जत्रेत काय विकाल? टॉवेल?"

व्यापारी हसले. एकाने मात्र विचारले, "बाबा, धा वर्षांनी नांगर कोण धरणार? तुमचा सुदाम धरतो का?"

"सुदाम भिवंडीला गोदामात खोकी उचलतो. बैलाचंच काम करतो, फक्त शेपूट नाय."

या वेळी सर्वात मोठ्याने रंजना हसली. सुदाम तिचा नवरा. मग ती पुढे झाली आणि सासऱ्यांच्या पाठीमागून, त्यांना थेट न बोलता, सगळ्या जमावाला उद्देशून म्हणाली की चिखलणीला आता निम्म्या गावात भाड्याचा पॉवर टिलर येतो, आणि डेअरीची गाडी मात्र रोज येते. बाबा जमावालाच म्हणाले की टिलर शेण टाकत नाही. एका दुभत्या गाईच्या मालकिणीने सुनावले की बैल आणि गाय, दोघांपैकी कोणाचे शेण जास्त, हे एकदा मोजून घ्या. वाद बराच वेळ चालला, आणि मी लिहिलेला एकही प्रश्न मला वापरावा लागला नाही.

टॉवेलाची वेळ आली तेव्हा बाबा बबनरावांपुढे जाऊन थांबले आणि तसेच मागे वळले. "ह्याला नाय देणार. हा सकाळपासून सगळ्यांच्या चहाला बसलाय. संध्याकाळपर्यंत माझी बोटं मुरबाडला पोचतील." मग माझ्यापुढे आले. "बाय, तू माझ्या लेकीसारखी. धर."

त्यांचा तळवा दोरीने घासून घासून गुळगुळीत झालेला होता. मी एका बोटाची वाट पाहत होते. माझ्या तळव्यावर दोन बोटे टेकली. क्षणभर मला वाटले, त्यांचा घोटाळा झाला. बहुधा त्यांनाही माझी शंका कळली, कारण तीच दोन बोटे त्यांनी पुन्हा, सावकाश दाबली. नजर माझ्या डोक्यावरून बैलांच्या दावणीकडे लागलेली होती. हात काढून घेता घेता ते शेजारच्या व्यापाऱ्याला म्हणाले, "बैल नसेल तर शेतकरी कसला?"

एकूण कल मी जाहीर केला: तोंडाने बोलणारे बहुतेक विरोधात होते, टॉवेलाखाली दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीला आल्या. जमावात कुजबूज झाली. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हाताकडे पाहू लागला. रंजना माझ्याकडे पाहत होती.

त्या रात्री मुक्काम तिच्याच घरी होता, म्हशापासून जवळच. आम्ही जेवायला बसलो होतो. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, भाजलेला बोंबील. बिरडे मी प्रथमच खात होते. मोड आलेल्या वालाची साले सोलायला केवढा वेळ लागतो, हे रंजनाने मी दुसऱ्यांदा मागितल्यावर सांगितले. तेवढ्यात गोठ्यातून कबरी हंबरली, आणि हंबरतच राहिली. रंजना उठून पाहून आली.

"आली माजावर."

"उद्या बघू," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या देखतच डॉक्टरला फोन लावला आणि सकाळी यायला सांगितले. बाबांनी भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवला. "वळूवाला पण सकाळी घरीच असतो," एवढेच ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

चुलीपाशी आम्ही दोघीच उरलो तेव्हा तिने हळूच विचारले, "बाबांनी काय दाबलं?"

"ते सांगता येणार नाही."

"म्हणजे एकच बोट."

"तसे मी म्हटले नाही."

"मग दोन?"

"तसेही म्हटले नाही."

"तुमच्या म्युझियमला वकील कशाला लागतो?" ती भांडी गोळा करू लागली. थोड्या वेळाने तिने तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने घातला. "बरं, तुमचं मत सांगा. तुमी शिकलेल्या. माझ्या जागी काय कराल?"

"आम्ही आमचे मत सांगत नाही."

"मत नाय, तर एवढ्या लांब कशाला आल्या?"

मी उरलेली ताटे उचलून तिच्या हातात दिली. अंथरुणावर पडल्यावर मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. एक वाक्य बोलले असते तर तिची अडचण संपली असती. पण बाबांनी ती दोन बोटे सुनेच्या हातात दिली नव्हती. माझ्या हातात दिली होती, आणि कोणालाही न सांगण्याच्या बोलीवर. मी ते सांगितले असते तर तिने कधीतरी, भांडणात का होईना, ते त्यांच्या तोंडावर म्हटले असते. मग पुढच्या जत्रेत कोण कोणाच्या टॉवेलाखाली हात देईल? एवढे पटूनही झोप लवकर आली नाही. भर बाजारात बैलाची बाजू लढवणाऱ्या माणसाने दोन बोटे का दाबली, याचे मला कमालीचे कुतूहल होते, आणि तेही विचारता येत नव्हते.

सकाळी अंगणात धुके होते. बाबांनी चहा उभ्यानेच घेतला, टोपी घातली आणि म्हणाले, "देवळाकडं जाऊन येतो." देवदर्शन त्यांनी आदल्या दिवशीच केले होते. रंजना दारातून त्यांची पाठ पाहत राहिली. "रागावले," ती म्हणाली. "आता वळूवाल्याला घेऊनच येतील."

वळूवाल्याच्या आधी मोटरसायकलवरून डॉक्टर आले. मागे नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला होता. तिशीतला, घाईतला माणूस. उतरल्या उतरल्या त्याने विचारले, "घरात मोठं कोण आहे? ही कांडी खास मागवून आणलीय. एकदा कोमट पाण्यात टाकली की परत ठेवता येत नाय. मागनं कोणी माझ्या नावानं ओरडायला नको."

रंजनाने रस्त्याकडे पाहिले. रस्ता रिकामा होता. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी पायांखालच्या मातीकडे पाहत होते. 

"गाय कुठाय?" डॉक्टरने विचारले.

"गोठ्यात," रंजना म्हणाली आणि वळली. गोठ्यात नुसती बैलजोडी होती. कबरी अंगणाच्या कोपऱ्यात, फणसाच्या दोन बुंध्यांच्या मध्ये उभी होती. रंजना तिच्याजवळ गेली. दाव्याची गाठ तिने हाताने चाचपून पाहिली, मग खाली पाहिले. गाईच्या मागच्या बाजूला पेंढा पसरलेला होता आणि बाजूला पाण्याची बादली भरून ठेवलेली होती.

"हिला तुमी बाहेर काढली?" तिने मला विचारले.

"नाही."

ती गाठीपाशी तशीच उभी राहिली. "वळूकडं न्यायची असती, तर दावं लांब सोडलं असतं," ती म्हणाली. मला की स्वतःला, ते कळले नाही. "एवढं आखूड डॉक्टर यायचा असला तरच बांधतात." तिने पुन्हा रस्त्याकडे पाहिले, आणि या वेळी तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती डॉक्टरकडे वळली. "मी हाय मोठी. टाका पाण्यात."

काम दोन मिनिटांचे होते. कबरीने एकदा शेपूट झटकली, बस. डॉक्टर हात धूत होता तेव्हा बाबा फाट्याकडून आले. एकटेच. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने विचारले, "काय बाबा, डॉक्टर कशाला?"

"मी घरात नव्हतो," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "देवळात गेलो नि इकडं हे. घरात माझं कोण ऐकतंय?"

शेजाऱ्याने सहानुभूतीने मान हलवली. बाबा ओट्यावर येऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आत ओरडले, "चहा टाक गो. डॉक्टरला पण." मग खालच्या आवाजात मला विचारले, "बाय, त्या मशीनचं चुकतं ना कधी कधी? गोऱ्हा झाला तर?"

हा प्रश्न तंत्राचा होता, मताचा नव्हता. उत्तर द्यायला मी तोंड उघडले. पण आतून रंजनाच आधी बोलली.

"तर तुमचा. नाव मात्र मी ठेवीन."

बाबांनी विचार केला. "कालवड झाली तर?"

"तर माझी. नाव तुमी ठेवा."

ते उठले, फणसापाशी गेले, कबरीची गाठ सोडली आणि दावे लांब करून तिला उन्हात बांधली. तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. डॉक्टर चहा पिऊन निघून गेला, बबनरावांनी रस्त्यावरून बसचा हॉर्न वाजवला, आणि मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ते वळून म्हणाले, "गंगा कसं वाटतं?"